पाच स्वर, दोन प्रहर
(मंडळाच्या ग्वाल्हेर येथील कोजागरी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. दूध अजून आटतंय, तेवढ्या वेळात आवडत्या गाण्यांविषयी बोलू या. पेटी मुद्दाम जवळ ठेवली आहे, कारण काही गोष्टी बोलून कळत नाहीत, ऐकाव्याच लागतात.

हे पाच स्वर ऐका. सा, रे, ग, प, ध, म्हणजे षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत. सगळे शुद्ध, ना उतरवलेले (कोमल) ना चढवलेले (तीव्र). मध्यम नाही, निषाद नाही. आता याच पाच स्वरांत मी गंधारावर थांबतो, पंचमावरून मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, गंधारावर उतरतो, मग खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवताला स्पर्श करून षड्जावर येतो. हा भूप. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दिवसभराचं काम आटोपून टेकलेल्या माणसाचा. आणि आता तेच पाच स्वर, पण मुक्काम धैवतावर. चाल सगळी वरच्या अंगाने, पंचम-धैवत-तार (वरच्या सप्तकातला) षड्ज अशी. ऋषभ जेमतेम लागतो. हा देसकार, सकाळचा. एकही स्वर बदलला नाही, तरी मन बदललं. (इथे दोन्ही राग पेटीवर वाजवून दाखवले.)

भूपात गंधार वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, आणि धैवत संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा. देसकारात बरोबर उलट. शिकणाऱ्यांना हे पाठ असतं. पण पाठ असूनही भूप गाता गाता धैवतावर दोनदा जास्त रेंगाळलं की देसकार डोकावतोच, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, फक्त मघाची निवांत रात्र कुठेतरी गेलेली असते. आवडत्या गाण्याचंही असंच आहे. एखादं भावगीत आपल्याला शांत का करतं, ते शब्दांत शोधण्याआधी त्याची ओळ कुठल्या स्वरावर येऊन बसते ते पाहा. मुखडा चार वेळा गुणगुणा आणि प्रत्येक वेळी शेवटचा स्वर पेटीवर शोधा. षड्जावर किंवा गंधारावर विसावणारी ओळ आणि निषादावर लोंबकळत सोडलेली ओळ, दोन्हींचा परिणाम वेगळा होतो.

जाता जाता एक सांगतो. आपल्या घरांत पहाटे म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना आपण भूपाळी म्हणतो आणि भूप राग मात्र रात्रीचा. नावावरून वेळ ठरवू नका, चालीवरून ठरवा.

ग्वाल्हेरात वेळेची ही समज नवी नाही. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू-हद्दू खाँची गायकी वासुदेवबुवा जोशी आणि त्यांच्यासारख्या मराठी शिष्यांनी इथे आत्मसात केली, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, आणि १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या देखरेखीखाली इथे माधव संगीत विद्यालय सुरू झालं. भातखंडे मध्यमाला वाटाड्या मानत: शुद्ध मध्यम दिवसाकडे नेतो, तीव्र मध्यम रात्रीकडे. आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या सीमेवर संधिप्रकाश राग, ज्यांत कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार एकत्र येतात. मारवा घ्या. पंचम वर्ज्य, षड्जावर मुक्काम फार कमी, सगळा भर कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवतावर. ज्या स्वरावर घर आहे तिथेच जायचं नाही, म्हणून तो ऐकताना जीव कासावीस होतो. माझं स्पष्ट मत आहे की दिवेलागणीला आधीच अस्वस्थ असलेल्या माणसासमोर मारवा लावू नये. त्याला यमन द्यावा. यमनातही तीव्र मध्यम आहे, संध्याकाळ आहे, पण गंधारावर टेकायला भरपूर जागा आहे.

आता घरात गाणाऱ्यांसाठी. आवडतं गाणं आपण रेकॉर्डच्या पट्टीत, म्हणजे त्याच षड्जावरून, गातो आणि तिथेच चुकतो. मुखडा सोपा असतो, म्हणून पट्टी बरोबर वाटते. अंतरा चढला की गळा आवळतो, आवाज ओरडल्यासारखा येतो आणि करुण गाणं तक्रारीसारखं ऐकू येतं. म्हणून पट्टी मुखड्यावरून न ठरवता अंतऱ्यातल्या सगळ्यात उंच स्वरावरून ठरवा. तो स्वर हसऱ्या चेहऱ्याने, मान वर न करता लागला पाहिजे.

स्वतःचा षड्ज कसा शोधायचा? झोपेतून उठल्याउठल्या आवाज खाली असतो, तेव्हा नको. दुपारी, साधं बोलून आवाज मोकळा झाल्यावर पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत ‘आ’ लावा. जो शेवटचा स्वर घरघर न होता स्पष्ट ऐकू येईल, तो मंद्र पंचम धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत पाच पट्ट्या वर गेलात की तुमचा षड्ज. शेवटचा स्पष्ट स्वर काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, असेल तर षड्ज काळी एक येईल. बहुतेक पुरुष काळी एक ते काळी दोनच्या आसपास बसतात, बहुतेक महिला काळी चार-काळी पाचला. जागरण झालं असेल, मन उतरलं असेल, तर त्या दिवशी अर्धा किंवा एक सूर खाली घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

मैफलीत तबल्याचा प्रश्न हमखास येतो. महिलांसाठी एक, पुरुषांसाठी दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) हवा असं वाटतं. तशी गरज नाही. काळी चारचा एकच दायाँ ठेवा. काळी चारमध्ये गाणाऱ्याला तो षड्ज देतो, काळी एकमध्ये गाणाऱ्याला तोच पंचम होतो, आणि काळी दोनमध्ये मध्यम. मालकंसासारखा पंचम नसलेला राग काळी दोनमध्ये असेल तर तो मध्यम फारच छान बसतो. गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, खाली ठोकले की सूर चढतो, बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणलेल्या वेणीवर, काढायचा. पावसाळ्यात दमट हवेने पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो. आता आश्विनात हवा कोरडी झाली की तोच तबला आपोआप चढलेला सापडतो. म्हणून कार्यक्रमाच्या जागी अर्धा तास आधी आणून ठेवा आणि तिथेच लावा. घरून लावून आणलेला तबला इथे जुळत नाही आणि वाजवणाऱ्याला उगाच बोल बसतो.

लयीचं एक उदाहरण मला फार आवडतं, ते पाळण्याचं. आढ्यापासून बाळापर्यंत दीड मीटर अंतर असेल तर पाळण्याची एक पूर्ण फेरी, म्हणजे जाऊन परत येणं, साधारण अडीच सेकंदांत होते. हे बाळाच्या वजनावर किंवा हलका झोका दिला की मोठा यावर जवळजवळ अवलंबून नसतं, दोरीच्या लांबीवर असतं. एका फेरीत चार मात्रा बसवल्या की मिनिटाला ९६च्या आसपास लय येते आणि दोन फेऱ्यांत केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन पूर्ण होतं. दोरी दोन मीटर करा, लय ८४-८५वर उतरते. एक मीटरच ठेवली तर १२०वर जाते, आणि त्या लयीत अंगाई गाऊन पाहा, ती अंगाई राहतच नाही. आपल्या आज्या दोरी लांब सोडायच्या. घाईत असलेली माणसं पाळण्याच्या पुढे गातात, झोका आणि सम (तालाची पहिली मात्रा) वेगवेगळे पडतात आणि मूल डोळे उघडून बघत राहतं. अशा वेळी गाणं थांबवा, दोन फेऱ्या नुसत्या मोजा, मग पाळणा आपल्याकडे येतो त्या क्षणी सम घ्या.

मोठ्या माणसांच्या मनालाही दोरी असतेच. डोकं तापलेलं असताना कुणी एकदम विलंबित ख्याल लावला तर तो डोक्यात जातो. संगीतोपचारात मानलेलं तत्त्व असं, की आधी मन जिथे आहे तिथलं गाणं घ्यायचं आणि मग हळूहळू न्यायचं तिकडे न्यायचं. घरी करून पाहा. पाच गाणी, एकूण पंचवीस मिनिटं. पहिलं मिनिटाला १२० मात्रांच्या जवळपास, मग ११०, ९०, ७५, शेवटचं ६०. मात्रा मोजायला घड्याळ पुरे: पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणायचे. फोनवर गाणी उलटसुलट लावण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर सगळी उतरण फुकट जाते. तसंच जुनी ध्वनिमुद्रणं बारीक आवाजात आणि नवी मोठ्याने वाजतात, तेव्हा आवाज आधी एकदा सारखा करून घ्या. शांत होत आलेल्या माणसाला अचानक मोठा आवाज आला की तो दचकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुःखी मनाचंही असंच. त्याला लगेच लावणी नको. एक करुण गाणं त्याच्या सोबतीला बसू द्या.

शेवटी मुलांविषयी. आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशी आहेत आणि व्हिडिओ कॉलवर सगळे मिळून आरती किंवा वाढदिवसाचं गाणं म्हणायचा प्रयत्न होतो. ते विस्कटतं, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की समोरचे लयीत कच्चे. तसं नसतं. आवाज पोचायला वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या दादरा तालात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाव सेकंद उशीर झाला तरी अर्धी मात्रा गेली. इकडचे तिकडच्यांसाठी थांबतात, तिकडचे इकडच्यांसाठी, आणि गाणं दर ओळीला मंदावत जातं. म्हणून एकत्र गाऊच नका. आपण ओळ म्हणा, ती पूर्ण होऊ द्या, मग त्यांनी त्यांची म्हणावी; तोवर आपला माईक बंद. आणि तंबोऱ्याचं अॅप दोन्हीकडे वेगवेगळं लावा, एकाच पट्टीत. कॉलवरून पाठवलेला तंबोरा पोचत नाही, कारण सततचा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून कॉलचं अॅप तो गाळून टाकतं. सेटिंगमध्ये आवाज मूळ स्वरूपात पाठवण्याची सोय असेल तर ती चालू करा. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा भारदस्त सूर, येत नाही, तेव्हा तंबोऱ्यापुरता एखादा मोठा स्पीकर जोडा. खर्ज आला की गळा आपोआप खाली बसतो.

दूध आटलेलं दिसतंय. पेटी आता इकडे द्या. आधी महिलांची गाणी काळी चारमध्ये होतील, मग पुरुषांची काळी एकमध्ये. तबला लावून ठेवला आहे.