तळ्याकाठचं झाड आणि मागून येणारी पावलं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या मागून कुणीतरी चालत होतं. मी चालायला लागले की ते चालायचं. मी थांबले की आणखी एक पाऊल टाकून तेही थांबायचं. तळ्याला वळसा घालणारी पायवाट, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला गच्च झाडी, आणि मी एकटी. दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा वळायचा धीर झाला नाही. या खेपेला खरंच कुणी दिसलं असतं तर?

ते कोण होतं हे सांगणार आहे, पण जरा दमानं.

रानात शांतता असते असं म्हणणारे लोक बहुधा चौघा-पाचजणांच्या घोळक्यानं गेलेले असतात. गप्पांच्या आवाजात बाकीचं सगळं बुडून जातं, म्हणून ती शांतता. एकट्यानं जाऊन पाहा. पाचोळ्यातून साधा सरडा पळाला तरी कुत्र्याएवढं काहीतरी गेल्यासारखं वाटतं. दोन झाडांची खोडं एकमेकांना घासली की कुणी कण्हल्यासारखा आवाज येतो. कान आपोआप टवकारले जातात, मान आखडते, आणि मन ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजाला एक तोंड, दोन डोळे चिकटवत सुटतं.

आपल्याकडे म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला ही म्हण थोडी अन्यायाची वाटते. सरड्याला शंभरदा वाघ समजलं तर काय बिघडतं? चार वेळा छाती धडधडते, इतकंच. पण वाघाला एकदाच सरडा समजलं, की पुढचं सांगायला माणूस उरत नाही. म्हणजे आपण सगळे त्या दचकणाऱ्या पूर्वजांचीच लेकरं. ते दचकले म्हणून आपण आहोत.

त्यात तळ्याची आणखी एक गंमत आहे. दिवस कलला तशी पाण्यालगतची हवा गार होत गेली. वरची हवा अजून उबदार होती. गार हवेतून आवाज सावकाश जातो, उबदार हवेतून वेगानं; त्यामुळे वरच्या दिशेला निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली पाण्याकडे येतो. सपाट पाणी तो शोषून घेत नाही, पुढे ढकलतं. हे मला माहीत होतं. तरीसुद्धा एका बाप्यानं माझ्या खांद्याशी घसा खाकरला तेव्हा मी किंचाळायची तेवढी राहिले होते. तो समोरच्या काठावर होता! मुंगीएवढी दोन माणसं, आपापसात काहीतरी बोलत बसलेली. माणसं आहेत म्हणून बरं वाटलं, आणि माणसं आहेत म्हणूनच पोटात गोळाही आला. एकटीनं चालणाऱ्या बाईला हे दोन्ही एकाच वेळी वाटतं. त्याची लाज वाटून घ्यायचं मी सोडून दिलं आहे.

वाट चुकण्याची भीतीही काही अगदीच खुळी नाही. चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, असं आपण ऐकत आलो. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी हे खरोखर तपासून पाहिलं. त्यांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. 2009 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र गोल फिरली, आणि आपलीच वाट आपण पुन्हा ओलांडली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधले तर काहीजण जेमतेम वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले. चकवा आहे, फक्त तो भुताचा नाही. तळ्याकाठी त्यातल्या त्यात बरं, तिथं गोल फिरायलाच आपण गेलेले असतो.

तर, मागची पावलं काही थांबेनात, तेव्हा मी एका झाडाला पाठ टेकून बसले. निदान पाठीमागून तरी कुणी येणार नाही, एवढाच हिशेब. ते होतं वाळुंज, विलोच्या कुळातलं. बुंधा पाण्याकडे इतका झुकलेला की आता पडेल, मग पडेल. पण पुरुषभर अंतरावर तो कोपरातून वळावा तसा वळून पुन्हा आभाळाकडे गेलेला. कललेलं खोड असं सावरतं, ते लाकडाच्या जोरावर. रुंद पानांची झाडं वरच्या अंगाला वेगळं, ताण धरणारं लाकूड तयार करतात आणि दोर ओढावा तसं खोड वर खेचतात. सूचिपर्णी झाडं नेमकं उलट करतात, खालच्या अंगाला लाकूड वाढवून टेकू देतात.

बुंध्यावर माझ्या गुडघ्याच्या उंचीला एक पांढुरकी रेघ होती, वाळलेल्या गाळाची. तिच्या वरच्या एका फांदीत सुकलेलं पाणगवत अडकलेलं. म्हणजे हे झाड तिथवर पाण्यात उभं राहिलेलं होतं, आणि एखादा दिवस नव्हे. पाण्यात उभं राहणं म्हणजे झाडाची चैन, असं आपल्याला वाटतं. असतं भलतंच. मुळांना श्वास लागतो. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीत उरलेला मातीतले जिवाणूच संपवून टाकतात. घुसमटलेली मुळं पाणी ओढायचं थांबवतात आणि पानं माना टाकतात. पुष्कळशी झाडं अशी पाण्यात उभी राहून तहानेनं मरतात.

वाळुंज मरत नाही. मी वाकून पाहिलं. पाण्याच्या रेषेपाशी सालीवर मोहरीएवढे पांढरे, स्पंजासारखे फोड आले होते. ही सालीवरची श्वासाची छिद्रं, पूर आला की फुगतात. आत मुळांपर्यंत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतून हवा खाली उतरते. आणि बुंध्यालाच नवी मुळं फुटलेली, लालसर, केसांसारखी बारीक, लाटेबरोबर हलणारी. मी बोट घातलं तर ती बोटाला अलगद गुंडाळली गेली. पाच-दहा मिनिटं मी तेच करत बसले होते. पावलांचं काय झालं, हे तेवढ्या वेळात मला आठवलंच नाही.

एवढ्यात वर काडकन आवाज झाला आणि मी ताडकन उठले. एक डहाळी तुटून पाण्यात पडली आणि तरंगत निघाली. विलोच्या एका जातीचं तर शास्त्रीय नावच फ्रॅजिलिस, म्हणजे ठिसूळ. तिच्या डहाळ्या फांदीला जोडल्या असतात तिथंच सहज मोडतात, वाहत जातात, आणि ओला काठ सापडला की तिथं रुजतात. न्यूझीलंडमध्ये वानाका तळ्यात याच जातीचं एक झाड एकटंच पाण्यात उभं आहे, त्याचे फोटो जगभर फिरतात. ते म्हणे मुळात कुंपणाचा खांब होतं! ठोकलेला खांब रुजला आणि त्याचं झाड झालं. मार्च 2020 मध्ये कुणीतरी करवतीनं त्याच्या फांद्या कापल्या. पाण्याला टेकणारी फांदीही गेली. झाड राहिलं.

अशा झाडांना चिवट, झुंजार म्हणायची आणि त्यांच्याकडून काहीतरी शिकायची फॅशन आहे. मला ते जमत नाही. झाडाला पाय नाहीत, त्याला पर्याय नाही, एवढंच ते आहे. एकट्यानं हिंडणारं झाड मला एकच ठाऊक आहे, अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकमध्ये. तेही मेलेलं. हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी झाडाचं नऊ मीटरचं खोड शंभराहून अधिक वर्षं त्या तळ्यात उभंच्या उभं तरंगतं आहे. 1938 मध्ये त्याच्यावर तीन महिने पाळत ठेवली, तर त्यानं जवळपास शंभर किलोमीटर भटकंती केलेली निघाली. त्याला कशाचीही भीती नाही, कारण उघड आहे.

आपल्याला आहे, म्हणून दोन गोष्टी. निघण्यापूर्वी कुठली वाट आणि कधी परत हे कुणाला तरी सांगून ठेवा. आणि खिशात शिट्टी ठेवा. मिनिटभरात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. डोंगरात मदत मागायची ही जुनी खूण आहे.

हां, ती पावलं. उठताना पिशवी उचलली आणि आतून आवाज आला, डुबुक. अर्धी रिकामी पाण्याची बाटली! मी पाऊल टाकलं की आतलं पाणी मागे आपटायचं, मी थांबले की आणखी एकदा आपटून थांबायचं. एकटीच मोठ्यानं हसले. समोरच्या काठावरच्या त्या दोघांना ते नक्की अगदी कानाशी ऐकू गेलं असणार.

मग उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि परतीला लागले. मागून आता कुणी येत नव्हतं. आणि खरं सांगते, पहिली शंभर-दोनशे पावलं जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं.