चिमटा, डबल बेल आणि एसटीची पहिली पायरी

नमस्कार श्रोतेहो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरेच जण आम्हाला ‘मालीशवाल्या बाई’ म्हणतात. बावीस वर्षं मी ते दुरुस्त करत आले, आता नाद सोडला. आज बोलायचंय ते मज्जातंतूंच्या मोठ्या आजारातून उठल्यावर अंगात ताकद परत कशी येते, त्याबद्दल. खरं सांगू का, मला एका कंडक्टरकाकांबद्दल बोलायचंय. पण आधी आजाराचं थोडं उरकून घेते.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे पेशंट एकदम वाढले, ते तुम्हाला आठवत असेल. पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या वर गेला होता. घरोघरी पाणी उकळायला लागलं होतं. आजाराचं पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम. वर्तमानपत्रांनी ते पाच तऱ्हांनी छापलं. १९१६ साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या केसवरून या आजाराचं वर्णन केलं. गियाँ, बारे आणि स्ट्रोल. विजेच्या उपकरणावर स्नायूंच्या नोंदी घेतल्या त्या स्ट्रोलनी, आणि नावातून गळले तेही स्ट्रोलच. आपल्याकडच्या कार्यालयांत तरी वेगळं काय होतं म्हणा.

तर होतं काय? पोट बिघडतं, जुलाब होतात, थांबतात. माणूस विसरूनही जातो. मग आठ-पंधरा दिवसांनी पाय जड वाटायला लागतात. जंतूंशी लढायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर घसरते. वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं मज्जातंतूंवरचं आवरण सोलून काढते. कमजोरी बहुतेक वेळा पायांतून वर चढते, आणि काहींच्या बाबतीत श्वासापर्यंत पोचते. इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं देतात, नाहीतर प्लाझ्मा बदलतात. त्यानं आजाराला लगाम बसतो. ताकद मात्र मागाहून, तिच्या चालीनं येते. नुसतं आवरण गेलं असेल तर काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. आतली तारच तुटली असेल तर ती वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. एक मिलिमीटर, श्रोतेहो. महिन्याला जेमतेम सव्वा इंच. आता कमरेपासून तळपायापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा.

बरं, आता काका.

वय बासष्ट, एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर. व्हेंटिलेटरवरून सुटून मार्चमध्ये घरी आले तेव्हा कुशीवर वळायलाही काकू लागायच्या. आठवडाभरानं मी त्यांना पहिल्यांदा उभं करायला गेले. मागे पलंग, दोन्ही बाजूंना खुर्च्या. म्हटलं, “काका, खुर्च्यांच्या पाठी धरा.” धरेनात. “मॅडम, कंडक्टर दांडी धरत नसतो. दांडी पॅसेंजरसाठी.” उठले, गुडघे मुडपले, आणि मागच्या पलंगावर बदकन बसले. काकू दारात उभ्या. म्हणाल्या, “हे असंच. लग्नापासून.”

मी घरी येऊन विचार करत बसले. कंडक्टर दांडी धरत नाही, मग तो उभा राहतो कसा? घाटात, वळणावर, एका हातात तिकिटं, दुसऱ्यात सुटे पैसे? दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “सोपंय. सीटच्या कडेला कंबर टेकवायची, पाय फाकवून एक पाय जरा पुढे. गाडी जिकडे कलेल तिकडे आपण नाही कलायचं.” बघा, तोल सांभाळण्याचा सगळा धडा त्या माणसानं दोन वाक्यांत सांगितला. आम्हाला त्यासाठी चार-पाच वर्षं कॉलेजात घालवावी लागतात.

मग आम्ही सीट शोधली. ती सापडली स्वयंपाकघरात. ओट्याला कंबर टेकवून काका उभे राहायला लागले. मागे खुर्ची, शेजारी मी. आधी अर्धं मिनिट, मग एक, मग तीन. काकूंची चिडचिड वेगळीच, “कुकर लावू का यांना सांभाळू?” पण काकांसमोर मटाराची परात यायला लागली. कमरेला ओटा, हातात शेंगा. सुरुवातीला दहा शेंगांना पंधरा मिनिटं लागायची.

हातांची गंमत पुढेच आहे. पकड यावी म्हणून मी मऊ रबरी चेंडू दिला होता. तो ड्रॉवरमध्ये गेला. “हे नातवाचं खेळणं.” मग एक दिवस डेपोतला जुना मित्र भेटायला आला आणि येताना खिशातून चिमटा घेऊन आला. तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा, श्रोतेहो. मशिनं आली आणि तो टिकटिक आवाज गेला. एसटीतून प्रवास केलेल्या प्रत्येकाच्या कानात तो असेलच. काकांनी चिमटा हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दाबलाच जाईना. दोन्ही हातांनीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून चेंडूचं नाव निघालं नाही. पहिल्यांदा भोक पडलं ते रद्दी पेपरला, दोन्ही हातांनी. मग पेपरला, एका हातानं. मग कॅलेंडरच्या पानाला. माझ्याकडे पकड मोजायचं यंत्र आहे, त्यात किलो दिसतात. काकांचं माप वेगळं होतं, कागद किती जाड. एप्रिल-मे उजाडला, लग्नपत्रिका यायला लागल्या, आणि त्या वर्षी त्या घरातली एकही पत्रिका भोकाशिवाय राहिली नाही. लग्नपत्रिका हल्ली फार जाड करतात, नुसती नासाडी आहे. पण काकांच्या कामी आल्या, म्हणून माफ.

आता नीट ऐका. मेच्या शेवटी एका संध्याकाळी काका खुशीत आले. वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आल्यावर दोनशे टिकटिक केल्या, आणि वर नातवाला जिना चढून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातातून चहाचा चमचा पडला. पाय उचलेना. फोनवर रडत होते, “मॅडम, परत आला का तो?” मी धावत गेले, डॉक्टरांनाही दाखवलं. परत आला नव्हता. अति झालं होतं. दोन दिवस विश्रांती घेतली, आणि ताकद होती तिथं आली.

हे मी प्रत्येक पेशंटला सांगते, तुम्हालाही सांगते. आजचा व्यायाम जास्त झाला का, ते आज कळत नाही. उद्या सकाळी कळतं. उद्या सकाळी अंग ताजं, तर प्रमाण बरोबर. उद्या सकाळी अंग गळालेलं, तर निम्मं करा. व्यायामशाळेतलं ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ इथे चालत नाही. काकांनी त्याचं एसटीत भाषांतर केलं, “म्हणजे मॅडम, डबल ड्यूटी बंद.” बरोबर. डबल ड्यूटी बंद.

बाकीचं भराभर सांगते. पाऊल लोंबत असेल तर घोट्याचा पट्टा लावायला लाजू नका. तळपाय बधिर असतात, तेव्हा गरम पाण्याची पिशवी स्वतः ठेवू नका, घरच्या कुणाला तरी हात लावून बघू द्या. ताकद आल्यावरही थकवा महिनोन्महिने राहतो. तो आळस नाही, हे घरच्यांनी ऐकावं. आणि कमजोरी पुन्हा वाढायला लागली, गिळताना ठसका लागला, श्वास अपुरा पडला, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. या आजारातले पाचपैकी साधारण चार जण सहा महिन्यांत आपापले चालू लागतात. पण चालणं म्हणजे सगळं नाही. परदेशी तपासण्यांत खुर्चीवरून उठून दाखवा म्हणतात. आपल्याकडे माणसाला जमिनीवरून उठता आलं पाहिजे. पूजेला, पंगतीला. मी तेही करून घेते, पाटावरून.

काकांना मात्र पंगत नको होती. त्यांना भाऊबीजेला भोरला बहिणीकडे जायचं होतं. एसटीनं. मुलगा गाडी काढायला तयार होता, पण नाही. आणि एसटीची पहिली पायरी तुम्हाला माहीतच आहे. ती कुणाच्या पायांचं माप घेऊन केली, देव जाणे. तसंच हाडांच्या डॉक्टरांचे दवाखाने लिफ्ट नसलेल्या पहिल्या मजल्यावर का असतात, हेही मला कुणीतरी सांगावं.

डेपोतल्या त्याच मित्रानं स्वारगेटला जाऊन पायरीची उंची सुतळीनं मोजून आणली. गाठ मारलेली सुतळी. त्या गाठीच्या उंचीचा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घेतला. आधी पाट, मग दोन विटा, गणपतीनंतर ठोकळा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. पुन्हा सांगते, चढताना चांगला, उतरताना कमजोर. काका प्रत्येक वेळी आधी तोंडानं “टिंग टिंग” म्हणायचे. डबल बेल दिल्याशिवाय पाय हलायचा नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी स्वारगेटला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. स्टँडवर ही गर्दी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून भाऊबीजेला एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि झालं ते उत्तम झालं असं माझं मत आहे. मागून कुणीतरी ओरडलं, “आजोबा, चला की लवकर!” काकू उलट फिरून त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो गप्प झाला. काकांनी काठी काकूंकडे दिली. ओठ हललेले मला दिसले. चांगला पाय वर, मग दुसरा. कंडक्टर मुलगी तरुण होती, ती आत सरकून जागा करत होती.

आणि दांडी धरली होती काकांनी. दोन्ही हातांनी, घट्ट.

रात्री राहवेना म्हणून मी फोन केला. “काका, कसं वाटतंय?” मागे फटाके वाजत होते, पोरं ओरडत होती.

“ते उद्या सकाळी सांगतो, मॅडम,” ते म्हणाले. “आज डबल ड्यूटी झाली.”

नमस्कार.