रिव्हॉल्व्हरला लाकडी ग्रिप बनवून घेताना

(दृश्य: वर्कबेंचवर ग्रिप काढलेलं रिव्हॉल्व्हर, नुसती लोखंडी फ्रेम दिसतेय. शेजारी लाकडाचे दोन काप.)

कस्टम ग्रिप, म्हणजे मुठीवरचं लाकूड आपल्या मापाने, करून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी लाकडाचे फोटो बघत बसतात, रंग कसा, रेषा कशा, चमक किती, आणि ते साहजिकच आहे, लाकूड असतंच तसं देखणं. पण खरं सांगू का, लाकूड सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी फ्रेम बघायची, मग आपला हात.

फ्रेमचं पटकन सांगतो. स्मिथ अँड वेसन कंपनी फ्रेमच्या मापांना इंग्रजी अक्षरं देते: 'J' फ्रेम छोटी, 'K' आणि 'L'ची ग्रिप एकच चालते, 'N'ची वेगळी. त्यात परत मुठीचा तळ चौकोनी की गोल हे बघावं लागतं, एकाची ग्रिप दुसऱ्यावर बसत नाही. रुगरच्या जीपी १०० मध्ये तर नेहमीसारखी ग्रिप फ्रेमच नाहीये, नुसता एक खुंटा आहे, त्यामुळे लाकडाला पाहिजे तसा आकार द्यायला भरपूर मोकळीक मिळते. आणि १८७३ ची कोल्ट सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हॅमर (काडतुसावर आपटणारा घोडा) अंगठ्याने मागे ओढावा लागतो अशी, तिची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली, गोळी सुटली की ती हातातल्या हातात वर फिरते आणि अंगठा आपोआप हॅमरजवळ येतो. या आकाराला उगाच फुगवटे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: सिलिंडर उघडलेलं, सगळी भोकं रिकामी. मग हात मूठ धरतो.)

आता हात. सिलिंडर उघडून रिकामं आहे ना ते बघा, परत एकदा बघा, आणि मग बॅरल मनगटाच्या सरळ रेषेत येईल अशी मूठ धरा. तर्जनी ट्रिगरवर कुठे पोचते? डबल ॲक्शनचा ट्रिगर, म्हणजे एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा, लांब आणि जड असतो, नुसतं टोक पोचत असेल तर तो ओढताना अख्खं रिव्हॉल्व्हर बाजूला सरकतं. अशा हाताला मागची पट्टी, म्हणजे बॅकस्ट्रॅप, उघडी ठेवणारी ग्रिप घ्यायची, लाकूड फक्त दोन बाजूंना. बोट गरजेपेक्षा जास्त आत जात असेल तर मात्र बॅकस्ट्रॅप झाकणारी ग्रिप, मागे थोडं लाकूड वाढलं की बोट बरोबर जागेवर येतं. हा फरक काही मिलिमीटरचाच असतो, पण निशाणा यावर सुधारतो किंवा बिघडतो, लाकडाच्या रंगावर नाही.

(दृश्य: ट्रिगर गार्डच्या मागची पोकळी, अगदी जवळून.)

ही जागा नीट बघा. जुन्या सर्व्हिस ग्रिपमध्ये, म्हणजे साध्या बारीक ग्रिपमध्ये, ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या लोखंडी कडीच्या) मागे अशी पोकळी राहते, मधलं बोट तिच्यात वर सरकून बसतं आणि प्रत्येक गोळीला गार्डचं लोखंड बोटाच्या सांध्यावर आपटतं. हलक्या काडतुसाला जाणवत नाही, पण १९३५ मध्ये आलेलं .३५७ मॅग्नम असेल तर थोड्याच वेळात बोट ठणकायला लागतं. म्हणून चांगला कारागीर ती पोकळी लाकडाने भरून काढतो, बोट जरा खाली बसतं आणि धक्का सगळ्या तळहातावर जातो. रबर धक्का थोडा पिऊन टाकतं, लाकूड तसं करत नाही, लाकूड तो पसरवतं, त्यामुळे तळहाताला टेकणारा भाग रुंद आणि गोलसर हवा, अरुंद मूठ हातात रुतते.

बोटांच्या खाचा? मला त्या पटत नाहीत. खाच तुमच्याच बोटांच्या मापाने कोरली असेल तर ठीक, नाहीतर उंचवटा नेमका बोटाखाली येतो आणि मूठ रोज वेगळी धरली जाते. डाव्या बाजूचा वरचा भाग मात्र खोलगट करूनच घ्या, सिलिंडर तिकडेच उघडतं, लाकूड जाड राहिलं तर स्पीडलोडर, म्हणजे सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन, अडतो आणि रिकाम्या पुंगळ्याही अडकतात.

(दृश्य: कोकोबोलोचा ताजा काप, नारिंगी-लाल.)

आता लाकूड. अक्रोड म्हणजे वॉलनट, वजनाला बेताचं, चेकरिंगचे, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या नक्षीचे, हिरे त्यात स्वच्छ उठतात. स्मिथ अँड वेसनने टार्गेट ग्रिपसाठी बरीच वर्षं दक्षिण अमेरिकेतलं गोन्सालो आल्वेस वापरलं, त्याच्या गडद पट्ट्या खरंच बघत राहाव्यात अशा. कोकोबोलो हा आपल्या शिसवाचा भाऊबंद, अंगचं तेल असल्यामुळे पाण्या-घामाला दाद देत नाही, पण त्याच्या भुशाने अनेकांना ॲलर्जी होते, सँडिंगला मास्क हवाच. शिवाय शिसव-कोकोबोलोचा हा सगळा डालबर्जिया वंश २०१७ पासून साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, परदेशातून मागवायचं असेल तर कागदपत्रांचं आधी विचारून घ्या.

दोन्ही बाजू एकाच ठोकळ्याच्या समोरासमोरच्या कापांतून आल्या तर रेषा जुळतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेषा मुठीच्या लांबीने जायला हव्यात, आडव्या गेल्या तर खालचं टोक एका पडण्यात तुटतं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर नंतर आक्रसतं आणि फ्रेमच्या कडेला फट दिसायला लागते.

(दृश्य: स्क्रू बसवताना.)

बसवताना फ्रेमच्या तळाची पिन लाकडातल्या भोकात सहज गेली पाहिजे, आणि स्क्रू टेकला की थांबायचं, जोर लावून आवळला तर लाकूड स्क्रूपाशीच तडकतं. साफसफाई करताना ग्रिप आधी काढून बाजूला ठेवायची, कारण गन ऑइल आत मुरलं की लाकूड काळं पडतं, मऊ होतं, आणि मग वरून कितीही पॉलिश केलं तरी ते परत घट्ट होत नाही.