शेत, फौंड्री आणि मग चाक

नमस्कार मंडळी. शेतकऱ्याचं पोरगं सिरॅमिकमध्ये, म्हणजे भाजलेल्या मातीच्या भांड्यांच्या कामात, कसं काय घुसलं असं मला सारखं विचारतात, आणि विचारणाऱ्याला उत्तर पण ठरलेलं पाहिजे असतंय, लहानपणापासून कलेचं वेड वगैरे. तसलं काही नव्हतं हो. बेंदराला मातीचे बैल गल्लीतली सगळीच पोरं करायची, माझ्या बैलाचं एक शिंग पूजेआधीच पडलेलं असायचं.

आमचं रान पंचगंगेच्या काठचं, मळीचं, सगळा ऊस. पूर ओसरला की वर गाळाचा थर बसायचा आणि तो वाळला की हात आत जाईल एवढ्या भेगा पडायच्या. काळी माती पाणी पिऊन फुगती आणि वाळताना आकसती, एवढं आम्हाला न शिकवता माहीत. त्यामागं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतंय हे लय पुढं कळलं, आणि ते पण शाळेत नाही, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत.

घरात भावंडं जास्त आणि रान थोडं, म्हणून आयटीआय करून तिथल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, लागलो. कोल्हापुरात ह्यात नवीन काय नाही, आमच्याकडची निम्मी पोरं सकाळी डबा घेऊन तिकडंच जातात. मोल्डिंगची सँड, म्हणजे साचे करायची वाळू, ही सिलिका वाळू, कोळशाची पूड, पाणी आणि बेंटोनाइट नावाची चिकण माती मिळून होती, आणि बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः तेच मॉन्टमोरिलोनाइट! आमच्या रानाला भेगा पाडणारं खनिज इथं वाळूला असं धरून ठेवायचं की साच्यात १३५० - १४०० अंशाचं लोखंड ओतलं तरी साचा हलायचा नाही. आमचा हेडमिस्त्री मुठीत सँड दाबायचा, मूठ उघडून बघायचा आणि सांगायचा, पाणी जास्त झालंय. साच्यातनं वाफ आणि गॅस बाहेर पडायला वाट पाहिजे, नाहीतर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, ब्लो होल, गॅसनं पडलेली भोकं. हे मी रोज ऐकत होतो, कुठं कामाला येणार ते मात्र माहीत नव्हतं.

शिफ्टमधला एक दोस्त बापट कॅम्पातला, म्हणजे कोल्हापुरातल्या कुंभारवस्तीतला, कुंभाराच्या घरचा. गणपतीच्या तोंडावर म्हणाला, भावा चल घरी, रंगाला माणूस कमी पडतंय. गेलो रंगवायला, आणि मागच्या सोप्यात मूर्तींच्या आडोशाला त्याच्या वडिलांचं चाक दिसलं. त्यांना मी मामा म्हणायचो. सीझन संपल्यावर म्हटलं, मामा, एकदा बसू का? तर म्हणाले, "बस की. फौंड्रीतला हाईस न्हवं? मग ताकद नको लावू, पाणी लाव."

मामा मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळायचे. का, तर "आमच्या आज्यापासनं हाय". मला मात्र एकदम फौंड्री आठवली. लीदीतला गवताचा धागा भट्टीत जळून जातो, तिथं बारीक पोकळी राहती आणि वाफेला वाट मिळती. मडकं भट्टीत फुटलं की लोक म्हणतात आत हवेचा बुडबुडा होता, पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणी असतंय, मातीत अडकलेल्या ओलीची १०० अंशाला वाफ होती आणि वाट मिळाली नाही की ती भांडं फोडून जाती, म्हणून सुरुवातीचा जाळ हळू द्यायचा.

मग नोकरी सोडून चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गेलो, ग्रामोदय संघात, मातीकाम शिकायला. आई बरेच दिवस नीट बोलली नाही. तिथं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, कळलं, आणि आपल्या मातीची मर्यादा पण कळली. आपली लाल माती ९०० - १००० अंशाला छान भाजती, पण त्यात लोह भरपूर, त्यामुळं ११०० च्या पुढं नेली की फुगायला, बसायला लागती. स्टोनवेअरला, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या दगडासारख्या घट्ट भांड्यांना, १२०० च्या वर जायचं तर चायना क्ले ही पांढरी माती लागती, बिकानेरची बॉल क्ले ही चिकट माती लागती. गावच्या मातीचं प्रेम सगळीकडं चालत नाही, काय करणार.

पण ग्लेझला गावची राख चालती! गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं जाळतात, त्या राखेत सिलिका भरपूर, आणि काच तयार होती ती सिलिकेचीच. भाताच्या तुसाच्या राखेत तर ८५ ते ९५ टक्के. नुसती सिलिका वितळायला १७०० च्या वर जावं लागतंय, म्हणून जोडीला फेल्डस्पार ह्या खनिजाची आणि खडूची पूड घालायची, मग १२५० ला काम होतंय. राख धुऊन, चाळून घ्यायची, आणि दोन गुऱ्हाळांची राख कधी सारखी निघत नाही, त्यामुळं प्रत्येक पोत्याची आधी छोट्या तुकड्यावर टेस्ट. शिकणाऱ्या पोरांना ह्याचाच कंटाळा येतो.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला गेलात तर इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, सगळे बघतात, बघा की, पण जरा मडक्यांपाशी पण थांबा.

आणि शिकायचंच असेल तर बापट कॅम्पात गणपतीच्या आधी जाऊ नका, तेव्हा कुणाला बोलायला सवड नसती. दिवाळीच्या पणत्या संपल्या की जा, जुनी कापडं घालून, आणि पहिल्याच दिवशी चाकावर बसायला मागू नका, आधी माती तुडवायला लागती.