पाळणा नवा, गर्दी कुणाची?

(दृश्य: माळेगावचं यात्रेचं मैदान, दुपारची वेळ.)

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातल्या माळेगावकडे येणारी वाट गाड्यांनी भरून जाते. खंडोबाची यात्रा. देवस्वारी निघते, भंडारा उधळतो, 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर होतो. घोड्यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, लावणी. आणि या सगळ्यांच्या वर डोकं काढून उभे असतात ते पाळणे.

आज आपण या पाळण्यांचीच गोष्ट पाहणार आहोत. जगातली मोठी मनोरंजन पार्कं ज्या प्रश्नापायी अफाट पैसा ओततात, तोच प्रश्न इथल्या पाळणेवाल्यालाही दरवर्षी पडतो. यंदा नवीन काय आणायचं? आणि आणलं तर माणूस वाढतो का?

पार्कांच्या दुनियेत कधीकधी वाढतो, आणि चांगलाच वाढतो. अमेरिकेत ऑरलँडोला 'आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर' हे पार्क आहे. 2009 साली तिथं अंदाजे 46 लाख लोक आले होते. जून 2010 मध्ये तिथं हॅरी पॉटरची दुनिया उघडली आणि 2011 साली हाच आकडा 76 लाखांवर गेला. अर्थात, अशी उडी क्वचितच कुणाला साधते. एरवी नवी राइड हंगाम-दोन हंगाम लोक खेचते, मग तिची नवलाई ओसरते आणि मालकाला पुन्हा नवं काही शोधावं लागतं.

मराठवाड्यातल्या लेकरांसाठी ही पार्कं लांबच. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका हे पार्क सुरू झालं, पण नांदेडहून तिथं जायचं म्हणजे पुणं ओलांडून पुढं. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून कुठं एखाद्या वर्गाला ते पाहायला मिळतं. बाकीच्यांसाठी पाळणाच ट्रकात बसून गावाजवळ येतो.

(दृश्य: पाळण्याची उभारणी.)

इथं मात्र हिशेब वेगळा आहे. यात्रेला माणूस पाळण्यासाठी येत नाही, खंडोबासाठी येतो. पाऊस बरा झाला, सोयाबीनला भाव मिळाला, कापसाचे पैसे हातात आले, की यात्रेत खर्चाला हात मोकळा होतो. दुष्काळाच्या साली लोक दर्शन घेतात, लेकराला फुगा घेऊन देतात आणि परततात. मार्च 2023 पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. घरातल्या बाया-म्हाताऱ्यांना यात्रेला आणणं त्यानं सोपं झालं. यातलं काहीच पाळणेवाल्याच्या हातात नाही.

त्याच्या हातात एवढंच की आलेला माणूस तिकिटाच्या खिडकीशी थांबावा. नवी राइड ते काम करते. ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन यांच्यापुढं कॉलेजच्या पोरांची झुंबड उडते. मौत का कुआँच्या कठड्यावर माणसं दाटीनं वाकलेली असतात.

तरीही संध्याकाळी रहाटपाळण्याची रांग हलता हलत नाही. त्याचं कारण सोपं आहे. ब्रेक डान्समध्ये आजी बसणार नाही आणि चार वर्षांचं पोरही बसणार नाही. रहाटपाळण्यात दोघं शेजारी बसतात.

जरा जवळून पाहा. माणसं ओळीनं बसवत नाहीत. एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतात, नाहीतर सगळा भार एकीकडे येईल. खाली काळी जमीन आहे, वरून टणक आणि आत ओल धरून बसलेली. म्हणून लोखंडी पायांखाली लाकडाचे जाड ओंडके टाकतात आणि पाणी भरलेल्या नळीनं पातळी बघतात. एखादा पाय अर्धी वीत खचला तरी वरचा पाळणा किती कलेल, हे त्या पोरांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच काम. नवी राइड गर्दी आणते, तशी ती घालवतेही. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्समध्ये 2013 साली 'स्मायलर' नावाचा रोलर कोस्टर आला, त्याचा मोठा गाजावाजा झाला. 2 जून 2015 रोजी त्याचे डबे एकमेकांवर आदळले, 16 जण जखमी झाले, दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. नंतर पार्कची गर्दी घटली आणि कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तिथं निदान कायमचा पाया होता. आपल्याकडे चार-दोन दिवसांत सगळं उभं राहतं, यात्रा उलगली की सुटं होऊन पुढच्या गावी जातं. प्रत्येक गावी तोच नटबोल्ट पुन्हा नव्यानं आवळला जातो.

त्यामुळे तपासणीही प्रत्येक गावी नव्यानंच झाली पाहिजे. जोडणी कुणी तपासली, कधी तपासली, एका वेळी किती माणसं बसवायची, हे मोठ्या अक्षरांत तिकिटाच्या खिडकीवर लागलं पाहिजे. तिकिटाचा दर तिथं लागतोच, त्याच्या शेजारी एवढ्या चार ओळी सहज मावतील.