जुनं कव्हर हाच फर्मा

हा कर्र कर्र आवाज येतोय ना, तो टाके उसवायचा आहे. कोल्हापूरचं उद्यमनगर, सकाळची वेळ, रिक्षाची मागची सीट उचलून फरशीवर आलीय आणि सीट शिवणाऱ्या मामांनी नव्या रेक्झिनला हात लावायच्या आधी जुनं कव्हर घेतलंय. फाडत नाहीयेत, शिवणीवर ब्लेड फिरवून एकेक तुकडा सोडवतायत, कारण हेच तुकडे म्हणजे फर्मा. तुकडा नव्या रेक्झिनच्या उलट्या बाजूवर ठेवायचा, खडूने कड आखायची, शिवणीला अर्धा इंच सोडायचं, मग कात्री.

आता सुईकडे बघा. रेक्झिनला एकदा सुई गेली की भोक कायमचं, कापडासारखं बुजत नाही, त्यामुळे शिवण चुकली तर उसवून परत मारायची सोय नाही, तो तुकडा बाद. आणि टाका फार बारीकही चालत नाही, भोकं जवळजवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं. हा अंदाज हातालाच येतो, कुठल्या मशीनवर लिहिलेला नसतो.

मग फोम. बसून बसून जिथं खड्डा पडलाय तिथं कडक फोमचा तुकडा घालायचा, त्याच्या कडा सुरीने तासून तिरक्या करायच्या म्हणजे बसणाऱ्याला टोचत नाही. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून थोडं वाळू द्यायचं, ओलं असताना चिकटवलं तर सरकतं. रेडिमेड कव्हर वरून नुसतं चढवतात, आतला खड्डा तसाच राहतो, म्हणून मला ही मेहनत दाखवायची होती.

रेक्झिन मीटरवर येतं, पन्हा ५४ इंच. मामा आधी मोठे तुकडे बसवतात आणि उरलेल्या पट्टीतून पायपिंग, म्हणजे शिवणीच्या कडेची गोल पट्टी, काढतात, धंद्यातली कमाई अशा पट्ट्यांत असते. कव्हर उघडल्याशिवाय रेट सांगत नाहीत, आतला प्लाय कुजलाय का ते बाहेरून दिसत नाही. मालाचे पैसे आधी, मजुरी नंतर. सीट त्याच दिवशी द्यावी लागते, रिक्षा उभी म्हणजे घरातली चूल थांबली. रिक्षा आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, पुढे दरवर्षी, त्यामुळे जुन्या रिक्षा नेमानं दारात येतात, आणि मे महिन्यात पावसाआधी हूडची, म्हणजे रिक्षाच्या छताच्या कापडाची, गर्दी.

सोल्यूशनचा वास, वाकलेली कंबर, शिकायला कोणी पोरगं नाही, हेही आहेच.

रेक्झिन उन्हात ठेवलंय, गरम झालं की मऊ पडतं आणि कोपऱ्यावर सुरकुती न येता ताणलं जातं. आता खालून स्टेपल. ड्रायव्हरदादा मागे बसून बघतायत, मामा म्हणतात, "एक फेरी मारून या, मग हिशोब करू."

आणि ते जुने तुकडे? मामांनी दोऱ्यात ओवून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले, शेजारी दुसऱ्या मॉडेलचे, त्याच्या शेजारी तिसऱ्या.