पुसट होत गेलेली घोडागाडी

पांढऱ्या कापडावर ठेवलेले हे रिव्हॉल्व्हर जेमतेम वीतभर लांबीचे आहे. चार इंचांची अष्टकोनी नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि मधोमध पाच गोळ्यांचे सिलिंडर. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे सॅम्युएल कोल्ट यांच्या कारखान्यात तयार झालेले हे १८४९ सालचे ‘पॉकेट मॉडेल’ होय. १८५० ते १८७३ या काळात हार्टफर्डमध्ये अशी तीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हर तयार झाली. कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेल्यांनी ती विकत घेतली, आणि पुढे यादवी युद्धात अनेक सैनिकांनी पदरचे पैसे मोडून ती जवळ बाळगली. त्यामुळे हे मॉडेल दुर्मिळ म्हणता येणार नाही. दुर्मिळ आहे तो कोणीही हात न लावलेला नग.

कोकणात ठासणीची बंदूक पाहिलेल्या माणसाला याची रचना चटकन कळेल. सिलिंडरच्या प्रत्येक कोठ्यात पुढून काळी दारू भरायची, तिच्यावर ०.३१ इंची व्यासासाठी ओतलेली शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती आत दाबायची. गोळी कोठ्यापेक्षा किंचित मोठी असल्याने दाबताना तिच्या कडेचे शिशाचे बारीक कडे कापले जाऊन बाहेर पडते. मग मागच्या बाजूला, प्रत्येक निपलवर, म्हणजे कोठ्यामागच्या छोट्या पोकळ खुंटीवर, पाऱ्याच्या स्फोटक क्षाराची तांब्याची टोपी बसवायची. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर फिरते आणि चाप दाबला की घोडा टोपीवर आदळतो. मागून काडतूस घालता येईल अशा, आरपार भोक असलेल्या सिलिंडरचे रॉलिन व्हाइट यांचे १८५५चे पेटंट स्मिथ अँड वेसन कंपनीच्या हाती होते. ते १८६९ पर्यंत संपले नाही, म्हणून काडतुसांचे युग सुरू झाल्यावरही कोल्टचा कारखाना टोपीवरच अडून राहिला.

आता भिंग सिलिंडरवर आणू या. तिरप्या उजेडात पोलादावर एक चित्र उमटते: प्रवाशांची घोडागाडी, तिच्यावर चालून आलेले लुटारू आणि त्यांच्यावर नेम धरणारा प्रवासी. बँकनोटांच्या छपाईसाठी कोरीवकाम करणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबी यांचे हे काम आहे. कारागिराने ते प्रत्येक सिलिंडरवर हाताने कोरलेले नाही. कोरलेला कठीण साचा सिलिंडरवर जबर दाबाने फिरवून चित्र उमटवले जाई. रेषा अतिशय उथळ असतात. खिशातल्या कापडाने आणि म्यानाच्या चामड्याने त्या झिजत जातात, आणि वाटेत एखाद्या मालकाने पॉलिश पेपर चालवला असेल तर गाडी आणि घोडे एकदमच नाहीसे होतात. माझ्या मते संग्राहकाने सर्वांत आधी पाहावे ते हे चित्र. नळीवर मूळचा निळसर मुलामा पुन्हा चढवता येतो, पितळेवर नव्याने चांदी चढवता येते. पण झिजलेले चित्र मूळच्या धातूत परत आणता येत नाही, आणि कोणी वरून खोदून आणलेच तर भिंगाखाली त्या रेषांचे खोटेपण उघडे पडते.

यानंतर क्रमांक वाचायचे. एकच अनुक्रमांक नळी, सांगाडा, चापाभोवतीचे कडे, मुठीची पट्टी आणि सिलिंडर यांवर ठोकलेला असतो. नळी सांगाड्याशी जोडणारी आडवी पाचर मात्र हरवण्यातच प्रसिद्ध आहे, त्यामुळे तिच्यावरचा आकडा न जुळणे ही फार मोठी उणीव मानत नाहीत. सिलिंडरचा आकडा न जुळणे मात्र गंभीर, कारण ते दुसऱ्या नगातून आलेले असते. लंडनच्या पिमलिको भागात कोल्ट यांनी १८५३ साली उघडलेल्या कारखान्यात तयार झालेल्या नगांवर ब्रिटिश चाचणीचे ठसे असतात, आणि चापाभोवतीचे कडे पितळेऐवजी बहुधा लोखंडाचे असते.

ठासणीचा दांडाच नसलेला एक आखूड प्रकारही आहे. संग्राहकांनी त्याला ‘वेल्स फार्गो’ हे नाव, घोडागाड्यांतून पैसे आणि माल वाहणाऱ्या अमेरिकी कंपनीचे, नंतर दिले. तो महाग विकला जातो, म्हणून साध्या नगाचा दांडा काढून तोच प्रकार असल्याचे भासवले जाते. अशा वेळी दांडा जिथे अडकवला जात असे तिथले स्क्रूचे भोक, किंवा ते बुजवल्याची खूण, शोधावी.

निपलच्या आजूबाजूला दिसणारे हे खड्डे टोपीतल्या क्षारांनी आणि दारूच्या दमट राखेने पाडले आहेत. ते लपवायचे नसतात. सक्रिय गंज सौम्य तेलाने थांबवावा, वर मेणाचा पातळ थर द्यावा आणि रिकामा घोडा कधीही आपटू नये, कारण निपलचे तोंड चेपते. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या तर आधीच्या कोणीतरी ओबडधोबड हाताने ते उघडले आहे, हे सांगायला वेगळा दाखला लागत नाही.

भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याचे ४५वे कलम कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट देते, पण दुरुस्तीनेही ते चालवता येणार नाही अशी अट घालते. या रिव्हॉल्व्हरचा घोडा अजून खटकन पडतो, हे इथे विसरून चालणार नाही. योगायोग असा की, कोल्ट यांना फिरत्या सिलिंडरची कल्पना सुचली ती १८३०च्या कोलकाता सफरीत, जहाजावर, अशी कथा सांगतात, आणि सोळा वर्षांच्या त्या पोराने वाटेत लाकडी नमुना कोरला म्हणतात.

भिंग पुन्हा सिलिंडरवर. या नगावर लुटारू पूर्ण पुसले गेले आहेत. घोड्यांपैकी एकाची मान उरली आहे आणि गाडीचे मागचे चाक, आऱ्यांसकट, अजून स्पष्ट दिसते.